डिस्टिंक्ट टाकून बघ

‘प्रवास’ (वर्ग ३) आणि ‘विनोद’ (वर्ग ७) या दोन्ही वर्गांत असलेली पुस्तकं डेटाबेसमधून काढायची. काम एवढंच. पण एसक्यूएलमध्ये क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहायला बसलं की पाठीमागे एक सल्लागार उभा राहतोच, आणि आजचा अजून डोक्यातून उतरलेला नाही.

“सोपं आहे. व्हेअरमध्ये वर्ग बरोबर ३ अँड वर्ग बरोबर ७.”

“शून्य ओळी येतील.”

“मग तशी पुस्तकंच नसतील.”

आहेत हो पुस्तकं! पण व्हेअर, म्हणजे ओळी गाळणारी अट, एका वेळी एकच ओळ तपासतो, आणि पुस्तक-वर्गाच्या टेबलात एका ओळीत एकच वर्ग असतो. तो एकदम ३ आणि ७ कुठून असणार?

“मग इन वापर. ३, ७.”

इन म्हणजे यादीतलं कुठलंही एक चालेल. आता नुसती प्रवासाची आली, नुसती विनोदाची आली, आणि हवी होती ती दोन-दोनदा आली.

“डबल येतायत? डिस्टिंक्ट टाकून बघ!”

डिस्टिंक्ट सारख्या ओळी एकदाच दाखवतो. डबल गेलं, नको ती पुस्तकं तिथेच. या लोकांना डिस्टिंक्ट म्हणजे रामबाण. कुठलाही आजार असो.

इन ठेवायचं, पुस्तकाच्या आयडीवर ग्रुप बाय करून एकेका पुस्तकाच्या ओळींचा गट करायचा आणि हॅविंगमध्ये, म्हणजे गटांवरच्या अटीत, वेगवेगळे वर्ग मोजून ते बरोबर २ आहेत का बघायचं. टेबल दोनदा जॉइन करूनही, म्हणजे जोडूनही, जमतं, पण वर्ग पाच झाले की जॉइनही पाच. रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉडनं १९७२ मध्येच याला रिलेशनल भागाकार म्हणून जागा दिली होती. एसक्यूएलनं जॉइनला शब्द दिला, युनियनला दिला, भागाकाराला मात्र नाही. का, देव जाणे.

मोजताना काउंट डिस्टिंक्टच लागतो. पुस्तक आणि वर्ग या जोडीवर युनिक की, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा नोंदू न देणारा नियम, नसेल, तर ‘प्रवास’मध्ये चुकून दोनदा नोंदलेलं पुस्तक २ मोजलं जाऊन ऐटीत आत येतं.

“बघ! मी म्हटलं नव्हतं, डिस्टिंक्ट?”

यावर काय बोलणार!

मग सल्लागारांना विक्रीची बेरीज हवी झाली. पुस्तक-वर्ग आणि विक्री एकाच दमात जोडली, तर प्रत्येक विक्री दोन्ही वर्गांबरोबर एकेकदा येते आणि आकडा दुप्पट फुगतो. आधी सबक्वेरीत, म्हणजे आतल्या क्वेरीत, पुस्तकं गाळून घ्या, मगच विक्री जोडा.

“त्यापेक्षा सम डिस्टिंक्ट...”

चार-चार प्रतींच्या दोन वेगळ्या विक्री त्यात एकच धरल्या जातील, आठाचे चार होतील, हे सांगेपर्यंत ते शेजारच्या डेस्कपाशी पोचलेही होते. तिथे बसलेल्या बिचारीचा लेफ्ट जॉइन, म्हणजे डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी राखणारा जॉइन, नीट चालला होता. उजव्या टेबलावरची अट ऑनमधून, म्हणजे जोडणीच्या अटीतून, काढून व्हेअरमध्ये टाक, असं तिला सांगत होते. म्हणजे जोडी नसलेल्या ओळी गळाल्या, झालाच तो इनर जॉइन.