सरासरी बिघडवणारा माणूस

माझ्यामुळे वाघोलीतल्या एका इमारतीची सरासरी खाली येणार आहे. इमारत अजून पुरती उभी राहिलेली नाही, सातव्या स्लॅबवर आहे. पण तिच्यात जे लोक राहायला येणार आहेत त्यांचं सरासरी उत्पन्न आधीच ठरलंय आणि ते मी बिघडवणार आहे, असं मला गेल्या रविवारी चारचौघांत सांगण्यात आलं. सांगणारा बिल्डर नव्हता. बिल्डर असता तर एक वेळ चाललं असतं, त्याचं नुकसान होतं म्हणून तो बोलतो असं समजून घेतलं असतं.

पार्श्वभूमी थोडक्यात: भाडेकरार संपत आलाय, घर विकत घ्यायचं ठरलंय, आणि आमचं बजेट आम्हाला ढकलत ढकलत नगर रोडवर घेऊन आलंय. बाकीचं पुण्यात घर शोधलेल्या कुणालाही माहीत आहे.

सेल्स ऑफिसात एका चुणचुणीत मुलीनं आम्हाला बसवलं, कॉफी दिली आणि टॅबवर माझी माहिती भरायला घेतली. वय, नोकरी, उत्पन्न, ‘डिसिजन मेकर कोण?’ (बायकोकडे बघून तिनं न विचारताच लिहिलं). मग एक गुळगुळीत पान पुढे सरकवलं. वर ‘कम्युनिटी प्रोफाइल’. खाली रहिवाशांचं सरासरी वय, तेही दशांशचिन्हासकट. सरासरी कौटुंबिक उत्पन्न. पदवीधरांची टक्केवारी.

“पण इथे अजून कुणी राहतच नाही,” मी म्हणालो. “मग हे वय कुणाचं?”

“सर, ते टार्गेट कम्युनिटीचं आहे.”

म्हणजे ज्यांचं सरासरी वय काढलंय, त्यांना अजून पत्ताच नाही. मी ते पान पुन्हा वाचत होतो, तेवढ्यात मागच्या सोफ्यावरून आवाज आला, “तुम्ही आलात तर यांचं वय वाढेल आणि उत्पन्न घटेल. दोन्हीकडून नुकसान.”

वळून पाहिलं. सत्तरीचे गृहस्थ, पांढरा झब्बा, मांडीवर जाडजूड रिंगफाइल, फाइलीतून चार रंगांच्या चिठ्ठ्या बाहेर डोकावतायत, आणि शेजारी कॉफीचे रिकामे कप. आम्ही सांगितलेलं माझं उत्पन्न त्यांनी सोफ्यावरून ऐकलं होतं आणि, माझा पक्का संशय आहे, लिहूनही घेतलं होतं. मुलगी हसली. हसू दाबायचा प्रयत्न तिनं केला, पण तो मनापासून केला नाही. ते मला अजून लागतंय.

“तुम्हीही फ्लॅट बघायला आलात का?” मी विचारलं.

“छे हो! मी कोथरूडला राहतो,” काका म्हणाले. मुंबईचा माणूस ‘मी ताजला उतरलोय’ हे ज्या सुरात सांगेल, तो सूर. “मी अभ्यासाला येतो.”

बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे हाती घेतलं. पुण्याच्या प्रत्येक भागाला शंभरपैकी गुण. लोकसंख्या, घनता, साक्षरता, लिंग गुणोत्तर, गुन्हे, हवा, मंदिरं, दूधकेंद्रं. दर रविवारी एक साइट. सगळ्या सेल्स ऑफिसांतल्या मुली त्यांना ओळखतात. कुठे कॉफी बरी मिळते याचाही त्यांच्याकडे रकाना आहे. बाणेरला त्यांनी ६६ दिले होते, हडपसरला ५८. कोथरूडला अर्थातच सगळ्यांत जास्त. ते कसं, असं विचारल्यावर त्यांनी ‘आपली माणसं’ या नावाचा एक रकाना दाखवला. त्याला वीस गुण होते.

“हे तुम्हीच ठरवलेत?”

“मग? दिल्लीवाले काय करतात?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. केंद्र सरकारच्या राहणीमान सुलभता निर्देशांकात २०१८ साली १११ शहरांत पुणं पहिलं आलं होतं. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी इतके पेढे फिरले की फोनला मधुमेह व्हायचा. पुढच्या यादीत बंगळुरू पहिलं आणि पुणं दुसरं. बंगळुरूच्या मावसभावानं सिल्क बोर्डच्या तुंबलेल्या चौकात गाडी बंद करून, निवांत, माझं सांत्वन करणारा लांबलचक मेसेज लिहिला. त्याला तेवढा वेळ होता. मधल्या काळात दोन्ही शहरांत काही घडलं असेल-नसेल, पण मोजायची पद्धत मात्र बदलली होती. नव्या पद्धतीत लोकांना काय वाटतं यालाच शंभरातले तीस गुण होते. काकांचे वीस त्यामानानं संयमाचेच म्हणायचे.

मग काकांनी वाघोलीचं पान उघडलं. लोकसंख्या, साक्षरता, सगळं छापील. मी साल विचारलं. २०११.

२०११ साली वाघोली पुण्यात नव्हती. हवेली तालुक्यातलं ग्रामपंचायतीचं गाव होतं, महापालिकेत आलं २०२१ मध्ये. त्या जनगणनेच्या वेळी माझा मुलगा बालवाडीत होता, आता तो माझं रेझर वापरतो. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता पुढची २०२७ ची. तोवर जिथे ज्वारीची शेतं मोजली होती तिथल्या बावीस मजल्यांविषयी आपण त्या शेतांच्या आकड्यांवरून बोलायचं.

“आकडे जुने असतात, खोटे नसतात,” काका म्हणाले. “हे बघा, इथलं लिंग गुणोत्तर कमी आहे. म्हणजे स्त्रियांना मान कमी.”

“मग रत्नागिरीला जावं का राहायला?” बायको पहिल्यांदाच बोलली.

काकांनी चिठ्ठी शोधली. “अगदी! रत्नागिरी जिल्हा, हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया. आणि मुंबई उपनगर ८६०. बघा फरक संस्कारांचा!”

इथे मात्र माझं डोकं सरकलं, कारण माझी काकू त्या १,१२२ मधली. तिचा मान मला ठाऊक आहे. तिचा नवरा, म्हणजे माझे सख्खे काका, कांदिवलीत एका खोलीत चौघांबरोबर राहायचे आणि गणपतीला व शिमग्याला यायचे. ती भात लावायची, गुरं सांभाळायची आणि सासूचं करायची. तिकडे हजारामागे बायका जास्त आहेत कारण पुरुष इकडे येऊन बसलेत, आणि इकडे बायका कमी आहेत त्याचं एक मोठं कारण तेच. एकाच घराचे दोन तुकडे दोन जिल्ह्यांच्या रकान्यांत पडले आणि या गृहस्थांना त्यात संस्कार दिसले. हे सगळं मी जरा मोठ्यानं सांगितलं असावं. सॅम्पल फ्लॅट बघून आलेलं एक जोडपं दारातच थांबलं.

फाइलवाले काका शांत. “तुमचं व्यक्तिगत उदाहरण झालं ते.”

माझा अनुभव असा की आकडेवाल्यांना खिंडीत गाठलं की ते तुम्हाला ‘व्यक्तिगत उदाहरण’ करून टाकतात. मग त्यांनी गुन्हे काढले. या हद्दीत गुन्हे कमी, म्हणून आठ गुण. अहो, गुन्हे कमी म्हणजे नोंदवलेले गुन्हे कमी! केरळ गुन्ह्यांच्या दरात वर दिसतं त्यात तिथे तक्रार लिहून घेतली जाते याचा मोठा वाटा आहे. आमची स्कूटर गेली तेव्हा आम्हाला एका ठाण्यात सल्ला मिळाला होता की आधी आसपास नीट शोधा, कधीकधी विसरायला होतं. आम्ही शोधत राहिलो तेवढे दिवस तो भाग आकडेवारीत सुरक्षित होता.

हवेचंही तेच. मुलीनं टॅबवर हिरवा आकडा दाखवला, निर्देशांक ५१ ते १०० मधला, ‘समाधानकारक’. तो येतो मोजणी केंद्रातून, जे या जागेपासून काही मैलांवर आहे, आणि असतो चोवीस तासांच्या सरासरीचा. खिडकीबाहेरून खडीचा डंपर जात होता. वाघोलीच्या खाणी आणि क्रशर सगळ्या पुण्याला माहीत आहेत. त्या खडीवर निम्मं शहर उभं आहे. डंपर गेल्यावर बाहेरची बाग काही क्षण दिसेना. मुलगी आकडा दाखवतच होती.

आणि सरासरी उत्पन्न! मी न राहवून त्यांच्याच फाइलीच्या पाठीमागे लिहून दाखवलं. समजा या खोलीत दहा माणसं आहेत. नऊ जणांना महिना ५० हजार, दहाव्याला साडेदहा लाख. सरासरी दीड लाख. खोलीत दीड लाखवाला एकही नाही. पण सगळ्यांना ओळीत उभं करा आणि मधला माणूस पकडा, म्हणजे मध्यक काढा, तर तो निघतो ५० हजारांचा. तेव्हा मी आल्यानं काही बिघडत नाही, उलट मी आलो तर मध्यक जागच्या जागी राहील. मेंटेनन्स मात्र नऊ जणांनी दीड लाखवाल्यांसारखा भरायचा.

काकांनी ते गणित बराच वेळ तपासलं. चूक सापडेना. शेवटी म्हणाले, “मध्यक ज्याला परवडत नाही तोच काढतो.”

मुलगी पुन्हा हसली. या वेळी तिनं हसू दाबायचाही प्रयत्न केला नाही.

बायकोला यातल्या कशातही रस नव्हता. तिनं एकच विचारलं, “पाणी किती वेळ येतं?”

“मॅम, वॉटर फीचर आहे ना!” मुलगी उठून आम्हाला बाहेर घेऊन गेली. प्रवेशद्वाराशी दोन मजली कृत्रिम धबधबा कोसळत होता. काकाही फाइल घेऊन आले. मी पुन्हा आकडा काढला (एव्हाना मलाही ती बाधा झाली होती): शहरात माणशी रोज १३५ लिटर हा नियोजनाचा निकष, म्हणजे आम्हा चौघांना ५४०. ते नळातून येणार का? मुलगी म्हणाली, “पझेशनपर्यंत होऊन जाईल सर.” पुण्याची खडकवासला साखळी चार धरणांची, पाण्याचा एकूण वापर बघितला तर माणशी हिशेब निकषाच्या कितीतरी वर जातो. त्या हिशेबात ज्याच्याकडे कमोडला पिण्याचं पाणी आहे तो आणि ज्याच्याकडे सकाळी टँकर येतो तो, दोघंही तृप्त.

बायको तोवर पहिल्या फेजच्या गेटवर पोचली होती, जिथे माणसं खरोखर राहतात. वॉचमनशी तिची दोन मिनिटांत ओळख निघाली, त्याचं गाव तिच्या आजोळाजवळचं. टँकर किती येतात? “उन्हाळ्यात मोजत नाही ताई, गेट उघडंच ठेवतो.” त्यानं आम्हाला नोटीस बोर्ड दाखवला. त्या महिन्याचा खर्च टाइप करून लावला होता. सुरक्षा, लिफ्ट, बाग, धबधब्याची वीज, आणि शेवटी ‘इतर’. ‘इतर’ हा आकडा वरच्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा मोठा होता. बायकोनं फोटो काढला.

मागे काका उभ्याउभ्या काहीतरी भरत होते. मी डोकावलो. ‘जलसान्निध्य’ या रकान्यात त्यांनी वाघोलीला दहापैकी आठ दिले होते. धबधब्यासाठी.

“आणि कोथरूडला किती आहेत हो?”

“नऊ. आमच्या गच्चीवरून मुठा दिसते.”

“वास येत असेल ना?” बायको म्हणाली.

“तो रकाना नाही,” काका म्हणाले, आणि कोथरूडपर्यंत सोडाल का, असं विचारलं.