लॉकिंग ब्रिज बसवला म्हणजे खुंट्या विसरा?

महिन्याभरात एकच फॉरवर्ड मला चौघांनी पाठवला. त्याचा सारांश असा: गिटार बेसूर होते ती खुंट्या सैल पडल्यामुळे. डबल लॉकिंग ब्रिज (तारा दोन्ही टोकांना आवळून धरणारी घोडी) बसवा, पुन्हा ट्यूनिंगची कटकट नाही. कुठल्याही कंपनीचा घ्या, डिझाइन एकच. पैसे असतील तर एव्हरट्यून नावाचा ब्रिज, तो त्याचाच पुढचा अवतार.

मी दिवसा नाशिकच्या सातपूरला टूलरूममध्ये असतो, संध्याकाळी घरी गिटारी दुरुस्त करतो. हे वाचून बिघडलेलं प्रकरण शेवटी माझ्याच टेबलावर येतं, म्हणून लिहितोय.

खुंटी बिचारी बहुतेक वेळा निर्दोष असते. गिअरची धड खुंटी तारेच्या ओढीने उलटी फिरत नाही. तार अडते ती नटच्या, म्हणजे खुंट्यांपाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत. बार (ब्रिज हलवून स्वर खालीवर करायचा दांडा) दाबला की तार सैल पडून खुंटीकडे थोडी सरकते आणि सोडल्यावर खाचेत अडकून पूर्ण परत येत नाही. स्वर चढा राहतो. ट्यून करताना ‘टिक्’ होऊन स्वर एकदम उडी मारतो ना, तेच हे दुखणं. G च्या तारेला जास्त. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून बघा. पुष्कळांचं काम तेवढ्यावर भागतं.

डबल लॉकिंग ब्रिज काढणाऱ्या फ्लॉइड रोझने नेमकं हेच ओळखलं. त्याचं पेटंट 1979 सालचं. तार नटपाशी आणि ब्रिजच्या सॅडलमध्ये (तार टेकते त्या तुकड्यात), दोन्हीकडे आवळून टाकली; सरकायला वावच नाही. युक्ती अस्सल आहे, त्यात वाद नाही. पण नट लॉक केला की खुंटी निकामी होते, म्हणून पुढे ब्रिजवर फाइन ट्यूनर, म्हणजे प्रत्येक तारेचा स्वर बारीक जुळवायचे स्क्रू, आले. तंबोऱ्याला घोडीमागे मणी असतात, तेच काम. ट्यूनिंग संपलंच असतं तर हे सहा स्क्रू कशाला?

शिवाय लॉक हवेला अडवत नाही. जानेवारीत गंगापूर रोडच्या लॉन्सवर कार्यक्रम असला की बॅगेतून काढलेली गिटार थोड्याच वेळात चढते, कारण गारठ्याने तारा आकसतात. दिव्यांखाली तापल्या की उतरते.

आणि हा ब्रिज तरंगता असतो. 9-42 जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत) तारांच्या सेटमध्ये सहा तारांची मिळून ओढ साधारण 38 किलो, ती मागच्या स्प्रिंगा तोलून धरतात. एक तार तुटली की उरलेल्या पाचही चढतात. साध्या, न हलणाऱ्या ब्रिजवर निदान पाच तारांवर गाणं उरकता येतं.

‘कुठल्याही कंपनीचा घ्या’ हे वाक्य मात्र मला खरंच झोंबलं. अख्खा ब्रिज दोन पोस्टवर टेकतो, तोही सुरीसारख्या धारेवर. ही धार दर वेळी त्याच जागी परतली तरच सूर परततो. मूळ ब्रिजची प्लेट हार्डनिंग केलेल्या पोलादाची असते. स्वस्तातल्या बऱ्याच नकला झिंकच्या डायकास्टिंगच्या. कॉलेज रोडवरचा एक मुलगा असाच ब्रिज घेऊन आला.

“काका, नवीन आहे. सहा महिनेही झाले नाहीत.”

तारा उतरवल्या, ब्रिज काढला, धारेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मधेच अडकलं. भिंगातून त्याला दाखवलं: क्रोम सोलवटलेलं, खाली राखाडी धातू, आणि त्यात पोस्टच्या गोलाईची खळी. ब्रिज कधी खळीच्या या काठावर बसतो, कधी त्या.

“तेल टाकलं तर?”

तेलाने खळी भरत नाही. कानशीने धार पुन्हा काढता येते, पण मऊ धातू तो मऊच, पुन्हा दबणार.

राहिला एव्हरट्यून. तो अवतार वगैरे नाही, वेगळीच जात आहे. बॅटरी नाही, मोटर नाही. प्रत्येक तारेमागे स्वतंत्र स्प्रिंग आणि तरफ, जी तारेची ओढ स्थिर ठेवते. गारठ्याचं माझं उदाहरण त्याला फारसं लागू पडत नाही, हे कबूल. पण त्याला बार नसतो, बॉडी बरीच कोरावी लागते, आणि सेटिंग चुकलं तर तार कितीही ओढा, बेंडचा स्वर वर जातच नाही.

त्या मुलाला मी शेवटी विचारलं, “बार किती वापरतोस?”

“बार? तो कुठे ठेवलाय तेच आठवत नाही, काका.”

मग मागच्या खोबणीत दोन्ही बाजूंनी सागाचे तुकडे घट्ट बसवले आणि ब्रिज जागचा हलणारच नाही असा करून टाकला.