स्मारक घड्याळ घ्यायचंय? आधी तीन दुसरी घ्या

मर्यादित आवृत्तीची, म्हणजे एखाद्या घटनेच्या आठवणीत मोजकेच नग काढलेली, स्मारक घड्याळं जमवायचं ठरवलंत? उत्तम. पैसे आहेत ना? नुसत्या पैशांनी भागत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात आकड्यांपासून करा आणि त्यांच्यावर श्रद्धा ठेवा. माणूस चंद्रावर उतरला त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून ओमेगा या घड्याळ कंपनीने २०१९ मध्ये पोलादी 'स्पीडमास्टर' घड्याळ काढलं, नग ६,९६९. त्याच वर्षी जेम्स बाँडच्या नावाने 'सीमास्टर' घड्याळ, नग ७,००७. सात हजार म्हणजे मर्यादित कसं, असले प्रश्न विचारू नका. आकड्यात ६९ साल नि ००७ जुळलं ना, झालं तर मग.

१९६९ च्या नोव्हेंबरात ह्यूस्टनच्या मेजवानीत ओमेगाने अंतराळवीरांना सोन्याची स्पीडमास्टर भेट दिली होती. पहिला नग अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सनसाहेबांसाठी. भेट फार महागाची म्हणून त्यांनी ती साभार परत केली. तुम्ही तसलं काही करू नका. तुम्हाला मुळात कोणी देणारच नाही.

खोका जपा. आतलं घड्याळ हरवलं तरी चालेल.

दहा लाखांच्या वर जात असाल तर पॅनकार्ड जवळ ठेवा. २२ एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस, म्हणजे दुकानदाराने विकतानाच गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा कर, लावतात.

आता मुख्य गोष्ट, दुकानाशी 'संबंध'. घड्याळ विकत घ्यायचं नसतं, ते 'अलोकेट' होत असतं, म्हणजे कोणाला द्यायचं ते दुकान ठरवतं. नाव नोंदवा, कॉफी प्या, काळ्या सुटातल्या मुलाकडून "सर, तुमचं प्रोफाइल अजून बनतंय" हे नम्रपणे ऐका. प्रोफाइल बनतं कसं? एक घ्या जे कोणालाच नकोय. मग मॅडमसाठी हिऱ्याचं एक 'बघा'. मग आणखी एक. मीही हसतमुखाने थांबलो. गेल्या महिन्यात फोन आला, "सॉरी सर, आपल्याला एकच पीस आलं होतं, जुन्या क्लायंटला गेलं." त्याच आठवड्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच घड्याळ! काचेवरची फिल्मसुद्धा निघालेली नाही, वॉरंटी कार्डावर त्याच दुकानाचा शिक्का, आणि फोटोत गिऱ्हाइकाचं नाव झाकणारा कोणाचा तरी जाडजूड अंगठा. किंमत? 'इनबॉक्स करा.' हा तुमचा जुना क्लायंट? हा तर दलाल! पाटेक फिलिप या घड्याळ कंपनीने टिफनी या अमेरिकन जवाहिऱ्यांशी १७० वर्षांच्या नात्याचं म्हणून निळ्या तबकडीचं 'नॉटिलस' घड्याळ काढलं, तेव्हा निदान नग तरी १७० च होते. पहिला २०२१ च्या लिलावात पासष्ट लाख डॉलरला गेला, पण ते पैसे निसर्गसंवर्धनाच्या कामाला मिळाले. या अंगठेवाल्याचे कुठे जातात?

घड्याळ मिळालंच तर मनगटावर घालू नका. ओरखडा पडला की भाव पडतो.

बास झालं. सरळच बोलतो. दुकानदारांनो, नको असलेला माल गळ्यात मारायला यादी वापरता, याला व्यवसाय नाही, अडवणूक म्हणतात. आणि संग्राहक म्हणवणाऱ्यांनो, फिल्म न काढता विकायचं तर शेअर घ्या ना, घड्याळं कशाला अडवता? आपण बाकीचे त्यांच्याकडूनच दीडपटीने घेतो आणि वर फोटो टाकतो, लाज कशी वाटत नाही? एकदा तरी काउंटरवर विचारा: यादीत माझ्यापुढे कोण होतं, नाव कधी नोंदवलं, कोणाला दिलं? रेशनच्या दुकानाबाहेर शिल्लक साठ्याचा फळा लावायला लागतो. लाखाच्या घड्याळाला तोही नको?