चालते गाव बसवण्याची रीत

आपण नुकतेच नगरसेवक झाला असाल किंवा होण्याच्या वाटेवर असाल, तर आपल्या तालुक्याच्या गावातली सर्वांत खटकणारी गोष्ट एव्हाना ध्यानात आलीच असेल: तेथे लोक अजून चालतात. सकाळी दूध, मग शाळा, दुपारी बँक, संध्याकाळी देऊळ आणि भाजी, असे सगळे एकाच पेठेत पायी उरकून ते घरी परततात. त्यातून ना पेट्रोल खपते, ना उड्डाणपुलाची मागणी पुढे येते. अशा गावाचा विकास करणे अवघड असते, पण धीर सोडू नये.

सुरुवात पदपथापासून करावी. रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या 2012 च्या मार्गदर्शिकेने चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे आणि पदपथाची उंची 15 सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावी असेही म्हटले आहे. हे आकडे पाठ करावेत, भाषणात उपयोगी पडतात. प्रत्यक्षात पदपथ गुडघ्याएवढा उंच बांधावा, मधोमध विजेचा डीपी बसवावा आणि प्रत्येक दुकानदाराला दुचाकी चढवण्यासाठी स्वतःचा उतार करू द्यावा. आमच्या गावात असा पदपथ झाला तेव्हा आळीतल्या एक आजी भाजीची पिशवी आधी वर ठेवत, मग गुडघ्यावर हात देऊन स्वतः चढत आणि चार पावलांवर पुन्हा उतरत. तिसऱ्या दुकानापाशी त्यांनी तो नाद सोडला. आता त्या ट्रकच्या हॉर्नच्या साथीने रस्त्याच्या कडेने जातात आणि पदपथ अगदी नवाकोरा राहिला आहे.

खरे कौशल्य लागते ते पैशाच्या बाबतीत. जुन्या पेठेत खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी घरे भिंतीला भिंत लावून उभी असतात. शंभर मीटर जलवाहिनीवर डझनावारी नळजोडण्या बसतात. तेवढ्याच गटारावर आणि तेवढ्याच दिव्यांखाली घरपट्टी भरणारी कुटुंबे दाटीने राहतात. हे फार धोक्याचे आहे, कारण अशा पेठेवर नगरपरिषद स्वतःच्या बळावर तगून राहू शकते. म्हणून बायपासपलीकडे बिनशेती प्लॉट पाडू द्यावेत, हद्दवाढ करून घ्यावी आणि तितक्याच लांबीच्या वाहिनीवर तीन बंगले, एक कुलूपबंद फाटक आणि उरलेल्या जागेत गाजरगवत अशी वसाहत उभी करावी. वाहिनी अनुदानातून येते आणि तिच्या भूमिपूजनाला मंत्री येतात. वीस वर्षांनी ती फुटते तेव्हा अनुदानही नसते, मंत्रीही नसतात आणि सुदैवाने आपणही नसतो. दर चार वर्षांनी होणाऱ्या चतुर्थ वार्षिक आकारणीत घरपट्टी वाढवण्याचा विषय निघालाच, तर हरकती मागवून तो निवडणुकीपलीकडे ढकलावा. जकात होती तेव्हा गावाच्या हाती स्वतःचे चार पैसे येत. आता मुख्याधिकाऱ्यांनी राज्याकडून येणाऱ्या सहायक अनुदानाची वाट पाहायची असते, आणि वाट पाहणे हे वाट चालण्यापेक्षा केव्हाही सुरक्षित.

कोणी माथेरानचे उदाहरण काढले, तर त्याला तिथल्या गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यावरच अडवावे. तेथे गाडी खाली ठेवून माणसे पायी किंवा घोड्यावरून बाजारात जातात, जाता जाता चिक्की आणि चपला घेतात आणि वर नगरपरिषदेला प्रवासी करही देतात. 'ते थंड हवेचे ठिकाण आहे, आपल्याकडे ऊन फार' असे उत्तर द्यावे. उन्हावर झाड हा उपाय असल्याचे कोणी सुचवण्यापूर्वी रुंदीकरणात झाडे काढून झालेली असावीत.

जपून राहावे ते उत्साही रहिवाशांपासून. राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतला, म्हणजे नगरपालिकांकडे सोपवायच्या कामांच्या यादीतला, पहिलाच विषय नगरनियोजन आहे, हे अशा लोकांना नेमके ठाऊक असते आणि तेवढ्यावरून ते गावाला आपले समजू लागतात. आमच्याकडे दिवाळीनंतरच्या एका रविवारी पाच-सहा महिलांनी चुना, झाडू आणि सुतळी घेऊन शाळेसमोर पांढरे पट्टे आखले, वळणावर जुने टायर मांडून त्यांत झेंडू लावला, आणि सोमवारी गाड्या चक्क हळू झाल्या. खर्च साडेचारशे रुपये! एवढ्याशा रकमेत टक्केवारी कोणी काढावी आणि कशी काढावी?

अशा वेळी आधी त्या महिलांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा, मग त्यांना सुशोभीकरण समितीवर घ्यावे आणि समितीची बैठक बोलावू नये. सल्लागार नेमून त्याच वळणाचा प्रकल्प अहवाल मागवावा. तरीही त्या पुन्हा चुना घेऊन आल्या, तर वाहतुकीस अडथळा केल्याची नोटीस काढावी. नोटीस देण्यासाठी शिपायाला मात्र दुचाकीवरूनच पाठवावे. चालत गेला, तर बिचाऱ्याला शाळेसमोरचा रस्ता ओलांडावा लागेल, आणि तो त्या पट्ट्यांवरूनच ओलांडेल.