लंडनच्या तिकिटाचा भाव आम्ही फिरवलेला नाही, मालकाकडून उत्तर

नमस्कार सर, तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल सॉरी, मनापासून. पण "सोमवारी लंडनचं तिकीट ५८ हजार सांगितलं, मंगळवारी ६४,५०० केलं, ऑनलाइन ४९ हजारात मिळतंय, हे लोक फसवतात" असं लिहून एक स्टार दिलात ते फार लागलं. वडिलांनी डोंबिवलीत हे ट्रॅव्हल एजन्सीचं ऑफिस टाकलं तेव्हापासून आम्हाला कोणी असं बोललेलं नाही, आणि आता नवीन माणूस फोन करायच्या आधी हेच वाचणार, म्हणून जे झालं ते सगळं लिहितोय.

सोमवारी दुपारी तुम्ही आलात, मुंबई-लंडन रिटर्न, मे महिना, दोह्यावरून, तुम्ही दोघं आणि आई-बाबा. माणशी ५८ हजार निघाले आणि मी तुमच्यासमोर सीट्स होल्डला टाकल्या, म्हणजे तिकीट न काढता ठरावीक वेळेपर्यंत राखून ठेवल्या. होल्डची मुदत एअरलाइन ठरवते, मी नाही. मंगळवारी दुपारी १२ पर्यंत होती, तसं तोंडी सांगितलं आणि व्हॉट्सॲपवरही टाकलं. तुम्ही म्हणालात मुलीशी बोलून कळवतो. बरोबर आहे, ती तिकडे राहते, विचारायलाच हवं. पण संध्याकाळी मेसेज केला, सकाळी दहाला परत केला, दोन्हींवर निळ्या टिका, उत्तर काही नाही, पासपोर्टचे फोटो पण नाहीत. १२ ला होल्ड सुटला आणि तुमचं "करून टाका" आलं रात्री साडेदहाला.

आता वाढले कसे ते सांगतो. विमानात इकॉनॉमीच्या सगळ्या सीट्स एका भावाच्या नसतात, आतमध्ये वेगवेगळे क्लास असतात आणि स्वस्तातला आधी संपतो. रात्री बघितलं तर त्यात दोनच सीट्स उरलेल्या. चौघांचं एकत्र टाकलं की सिस्टीम चौघांनाही वरच्या क्लासचा भाव लावते, दोघांना स्वस्त आणि दोघांना महाग असं आपोआप करत नाही. म्हणून मीच म्हटलं की दोन-दोनची वेगळी तिकिटं काढू, निदान दोघांचे प्रत्येकी साडेसहा हजार वाचतील. हे रिव्ह्यूत कुठेच नाही. आणि वाढलेले पैसे एअरलाइनला जातात सर, बऱ्याच एअरलाइन्स आता एजंटला कमिशन देत नाहीत, आम्ही माणशी ५०० रुपये सर्विस चार्ज घेतो, तो सोमवारी जेवढा होता तेवढाच मंगळवारी होता.

४९ हजारचा स्क्रीनशॉट तुम्ही पाठवलात तो मी नीट बघितला. ते एक तिकीट नाहीये, मुंबई-दुबई वेगळं आणि दुबई-लंडन वेगळं, दोन पीएनआर. त्यात चेक-इन बॅग धरलेली नाही, फक्त ७ किलोची केबिन बॅग, लंडनला मुलीकडे जाताना तेवढ्यात कोणाचं भागतं? बॅगा वेगळ्या घेतल्या तर दुबईत इमिग्रेशन करून बाहेर यायचं, पट्ट्यावरून उचलायच्या आणि परत चेक-इनच्या लाइनीत लागायचं. पहिलं विमान लेट झालं आणि दुसरं चुकलं तर दुसरी एअरलाइन जबाबदारी घेत नाही, नवीन तिकीट आपल्या खिशातून. तुमच्या आईंना व्हीलचेअर लागते हे तुम्हीच सांगितलं होतंत, म्हणून मुंबई ते लंडन सगळा प्रवास एकाच पीएनआरवर हवा यावर मी अडून बसलो होतो, बाकी काही कारण नव्हतं.

यापुढे होल्डची वेळ अजून ठळक लिहून देऊ, स्टाफलाही सांगितलंय.

ते ४९ हजारवालं तिकीट काढून झालं असेल तर दोन्ही एअरलाइन्सकडे व्हीलचेअरची रिक्वेस्ट वेगवेगळी टाका, एकीकडे टाकलेली दुसरीकडे जात नाही, आणि निदान ४८ तास आधी टाका. दुबईच्या व्हिसाचंही आत्ताच बघून घ्या, चौघांचंही. जमत नसेल तर प्रिंट घेऊन ऑफिसला या, मी करून देतो, त्याचे पैसे नकोत. आणि अजून काढलं नसेल तर आजच फोन करा, शुक्रवार-शनिवारऐवजी मंगळवार-बुधवारचं निघणं चालणार असेल तर परत एकदा भाव काढून बघतो.