पिवळी उलटी, ठणकणारं डोकं आणि पित्तावरचा आळ

‘अर्धं डोकं दुखतं ते पित्तामुळे. मेंदूचा काही संबंध नाही. सकाळी मिठाचं कोमट पाणी पिऊन उलटी काढा, दिवसभर कडक उपास करा. सहनच होत नसेल तर मेडिकलमधून डोकेदुखीची गोळी आणा, रोज घेतली तरी अपाय नाही.’ अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतो. अर्धशिशीने आधीच पिचलेली माणसं तो विश्वासाने पाळतात आणि त्यांचं दुखणं वाढतं. म्हणून त्यातलं एकेक विधान तपासायला हवं.

‘पिवळी उलटी पडली की डोकं उतरतं, म्हणजे कारण पित्तच.’
पाहिलेलं खरं आहे, लावलेला अर्थ चुकीचा. अर्धशिशीच्या झटक्यात मळमळ सुरू होते आणि जठर रिकामं व्हायची गती मंदावते. एक-दोन उलट्यांत खाल्लेलं पडून गेलं की पुढच्या उलटीला लहान आतड्यातला पित्तरस वर येतो. म्हणून ती पिवळी आणि कडू. घाटात गाडी लागून रिकाम्या पोटी ओकणाऱ्यालाही हेच पडतं. उलटीनंतर काहींना हलकं वाटतं, पण त्यावरून दुखणं पोटात सुरू झालं असं ठरत नाही.

जठर मंदावण्याचा परिणाम औषधावरही होतो. ‘बघू, थांबेल’ म्हणत उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते. डोकं सौम्य दुखत असताना, शक्यतो पहिल्या तासाभरात घेतली तर तीच गोळी लागू पडते. मळमळ जास्त असेल तर डॉक्टर सोबत डॉम्पेरिडोन किंवा मेटोक्लोप्रमाइड देतात. आणि ‘पित्तावर’ म्हणून महिनोन्महिने घेतल्या जाणाऱ्या पँटोप्राझोलच्या ज्ञात दुष्परिणामांत डोकेदुखीही आहे.

‘मेंदूचा संबंध नाही.’
मेंदूच्या पेशींना स्वतःला वेदना कळत नाही, एवढंच खरं. दुखतात ती त्याची आवरणं आणि त्यांतल्या रक्तवाहिन्या. तिथल्या ट्रायजेमिनल नसेच्या (चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या संवेदना वाहणाऱ्या नसेच्या) टोकांतून सीजीआरपी हे द्रव्य सुटतं आणि ठणका सुरू होतो. या शोधासाठी चार संशोधकांना 2021 चं ‘ब्रेन प्राइझ’ मिळालं; सीजीआरपी अडवणारी औषधंही आज आहेत. काहींना डोकं दुखण्याआधी नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. तेव्हा मेंदूच्या मागच्या भागावरून मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर वेगाने विद्युत बदलांची एक लहर सरकत असते.

अनेकांना झटक्याच्या आदल्या दिवशीच जांभया, चिडचिड, मान आखडणं, गोड खावंसं वाटणं सुरू होतं. त्या वेळी मेंदूतला भूक-झोप सांभाळणारा भाग, हायपोथॅलॅमस, जागा झालेला असतो. ‘चॉकलेट खाल्लं म्हणून दुखलं’ असं वाटतं तेव्हा अनेकदा झटका सुरू झाल्यामुळेच चॉकलेट खावंसं वाटलेलं असतं.

‘कडक उपास करा, मिठाच्या पाण्याने उलटी काढा.’
उपाशी राहणं हे अर्धशिशी चाळवण्याचं नेहमीचं कारण आहे. चतुर्थी-नवरात्र सोडवत नसेल तर निर्जळी करू नका. दर चार तासांनी दूध, राजगिरा, फळ असं काही पोटात जाऊ द्या. नेहमीचा चहाही एकदम बंद करू नका, कॅफिन तुटल्यानेसुद्धा डोकं धरतं. रोज काढलेल्या उलटीतल्या आम्लाने दातांचं एनॅमल झिजतं, शरीरातलं पाणी आणि क्षार जातात.

‘रोज गोळी चालते.’
सगळ्यांत घातक वाक्य हेच. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारख्या साध्या गोळ्या महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, आणि कॅफिनमिश्रित गोळ्या किंवा अर्गोटामाइन, ट्रिप्टान या अर्धशिशीवरच्या खास गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीमुळेच डोकेदुखी जडते. वेदनेची यंत्रणा जास्त हळवी होते, गोळीचा अंमल उतरला की डोकं पुन्हा दुखतं आणि माणूस पुढची गोळी घेतो. मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. कॅलेंडरवर दुखलेल्या दिवशी फुली आणि गोळी घेतलेल्या दिवशी गोल करा. डॉक्टरांना त्या पानाचा फार उपयोग होतो. गोळ्या थांबवल्यावर 2 ते 10 दिवस दुखणं वाढतं, इथेच बहुतेक जण हार मानतात. ट्रामाडोल, कोडीन अशा अफूवर्गीय वेदनाशामक किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर मात्र स्वतःहून बंद करू नका.

महिन्यात चार किंवा अधिक दिवस डोकेदुखीत जात असतील तर झटके टाळणारं रोजचं औषध डॉक्टरांना विचारा. अशा औषधांपैकी प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्यांना चालत नाही, टोपिरामेट गरोदरपणात घातक आहे. अमिट्रिप्टिलीन बहुधा रात्री 10 मिलिग्रॅमपासून सुरू करतात. आठवड्यात गुण आला नाही म्हणून सोडू नका, पूर्ण मात्रेवर निदान आठ आठवडे द्यावे लागतात.

मिनिटभरात शिगेला पोचलेली डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारं दुखणं, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेलं आणि चावताना जबडाही दुखवणारं दुखणं: यांत पित्ताचा विचार करत घरी थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.