काळ भ्रम आहे, असं कोण म्हणालं?

‘विज्ञानानं सिद्ध केलंय, काळ हा भ्रम आहे.’ दर दोन दिवसांनी कुणीतरी हे फॉरवर्ड करतं आणि खाली ‘आपल्या ऋषींना हे ठाऊक होतं’ असं शेपूट असतंच. ऋषींचं राहू द्या, सिद्ध झालंय हेच खरं नाही.

पण मूळ पेच जबरदस्त आहे. क्वांटम यांत्रिकीत, म्हणजे अणू आणि कणांचे नियम सांगणाऱ्या सिद्धांतात, घड्याळ प्रयोगाच्या बाहेर असतं. काय मोजता यानं त्याच्या चालीत फरक पडत नाही. सामान्य सापेक्षतेत, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतात, असं बाहेरचं घड्याळच नाही, वस्तुमानाजवळ काळ मंदावतो. दोन्ही जोडायला गेलं की १९६७ साली भौतिकशास्त्रज्ञ ब्राइस डिविट यांनी मांडलेलं समीकरण समोर येतं, आणि त्यात काळाचं चिन्हच नाही. अख्ख्या विश्वाचं समीकरण, पण काही ‘घडत’ नाही!

मग घडणं म्हणजे काय? इथे शिरपूरला जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकरांचं काम मला फार मोलाचं वाटतं. २००६ साली त्यांनी पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांच्यासह अगदी साधं, सगळीकडे सारखं असलेलं विश्व घेतलं. त्यातल्या एका वस्तुमानहीन क्षेत्रालाच (क्षेत्र म्हणजे अवकाशात प्रत्येक ठिकाणी काही मूल्य असलेली राशी) घड्याळ मानलं. ‘किती वाजता’ हा प्रश्न सोडला. क्षेत्राचं मूल्य अमुक असताना विश्व केवढं, एवढंच विचारलं. गणितात महास्फोटाची अनंत घनता आलीच नाही. प्लँक घनतेच्या (निसर्गाच्या मूलभूत स्थिरांकांतून येणाऱ्या प्रचंड घनतेच्या) साधारण ४१ टक्क्यांना आकसणारं विश्व उलटं फिरून फुगू लागलं. महास्फोटाच्या ‘आधी’ला अर्थ मिळाला, पण त्या घड्याळापुरता.

दुसरं घड्याळ निवडलं तर? तोच सिद्धांत हाती येईल याची हमी नाही. मला ही तांत्रिक अडचण वाटत नाही, खरा तत्त्वज्ञानाचा प्रश्न हाच वाटतो. माझं मत असं, की सगळ्यांना लागू पडणारा एकच काळ नसेल, पण घटनांमधल्या नात्यांत तो आहे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ पद्मनाभन गुरुत्वाकर्षणाकडे उष्मागतिकीच्या, म्हणजे उष्णता आणि तापमानाच्या शास्त्राच्या, अंगानं पाहत. तापमान असंख्य रेणूंच्या हालचालीतून येतं, एकट्या रेणूला ते नसतंच. म्हणून चटका खोटा ठरतो का? काळही तसा असू शकेल. अगदी मुळाच्या पातळीवर नसणं वेगळं आणि भ्रम असणं वेगळं, ही साधी गोष्ट फॉरवर्डवाल्यांना कोण सांगणार?

बाकी, आकसून पुन्हा फुगण्याच्या त्या उसळीची खूण कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंडमध्ये, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या काळातून उरलेल्या प्रारणात, शोधण्याचं काम सुरू आहे. पक्की खूण अजून मिळालेली नाही.